बाराशे क्लिक, नऊ ऑर्डर: जाहिरातीचे आकडे वाचायचे कसे?

आकडेमोड (धागाकर्ता)

दुकान बेळगावच्या शहापुरात साड्यांचं असो, खडेबाजारात कुंद्याचं (आपली खव्याची मिठाई) असो नाहीतर खानापुरात कौलांचं, जाहिरात आता फेसबुक, इन्स्टा आणि गूगलवर जाते. महिनाअखेर एक पीडीएफ हातात पडते. त्यात हिरवे बाण वर, लाल बाण खाली. त्या बाणांवर विसंबून पुढच्या महिन्याचा पैसा टाकायचा का, यावर हा धागा. आकडे समजुतीसाठी घेतलेत, हिशेब मात्र खरा आहे.

कुंद्याच्या दोन जाहिराती. पहिलीत कढईत कुंदा घोटतानाचा व्हिडिओ, दुसरीत डब्याचा फोटो आणि दर. पहिलीवर १,२०० क्लिक आणि ९ ऑर्डर. दुसरीवर १,१५० क्लिक आणि १४ ऑर्डर. म्हणजे ०.७५ टक्के आणि १.२२ टक्के. पीडीएफमध्ये हेच 'दुसरी जाहिरात ६२ टक्क्यांनी सरस' असं छापून येतं. वाचणारा व्हिडिओ बंद करून टाकतो.

आता कागद-पेन्सिल घ्या. दोन्हींचे क्लिक साधारण सारखे असतील तर एक सोपी चाळणी आहे. दोन्हीकडच्या ऑर्डरींची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा. ऑर्डरींमधला फरक त्या आकड्याच्या वर गेला तरच त्याकडे बघायचं. इथे बेरीज २३, वर्गमूळ ४.८, दुप्पट ९.६. फरक फक्त ५. म्हणजे दोन्ही जाहिराती अगदी एकसारख्या असत्या तरी नुसत्या योगायोगाने एवढा फरक सहज दिसला असता. तीच बेरीज १०० असेल तर ६० विरुद्ध ४० लागतात, ४०० असेल तर २२० विरुद्ध १८० पुरतात. आकडा मोठा होईल तशी चाळणी बारीक होत जाते.

एकाच जाहिरातीचा दर, म्हणजे शंभर भेटींमागे किती ऑर्डर, बघायचा असेल तेव्हाही तो एक आकडा म्हणून वाचू नये, पट्टा म्हणून वाचावा. ४०० भेटी आणि १२ ऑर्डर, म्हणजे ३ टक्के. पट्टा काढायला ०.०३ गुणिले ०.९७, भागिले ४००, त्याचं वर्गमूळ, गुणिले १.९६. उत्तर येतं ०.०१६७. म्हणजे खरा दर १.३ ते ४.७ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतो. पुढच्या महिन्यात तो २ टक्के दिसला तर 'जाहिरात पडली' म्हणून एजन्सीला फोन करण्यात अर्थ नाही. आणि ४ दिसला तर त्यांना पेढे देण्यातही नाही.

शून्य ऑर्डर आल्या तर? ३ भागिले क्लिक. १५० क्लिकवर एकही ऑर्डर नसेल तर खरा दर २ टक्क्यांपर्यंत असण्याची शक्यता अजून उरते. ६०० क्लिकवर शून्य असेल तर तो अर्ध्या टक्क्याच्या वर असणं अवघड. तेव्हा मात्र बंद करा, किंवा आधी पेमेंटचं पान चालतंय का ते बघा.

निपाणीकर

चाळणी आवडली. पण मग किती क्लिक झाल्यावर थांबायचं, ते आधी कसं ठरवायचं? सगळे 'चार दिवस चालू दे, बघू' म्हणतात.

आकडेमोड

दिवस ठरवायच्या आधी फरक ठरवायचा. किती फरक पडला तर तुम्ही निर्णय बदलाल? तो आकडा लिहून काढा, मग हे सूत्र: १६ गुणिले दर गुणिले (१ वजा दर), भागिले फरकाचा वर्ग. दर म्हणून आत्ताचा आणि अपेक्षित यांचा मध्य घ्या. उत्तर प्रत्येक जाहिरातीमागे किती क्लिक हवेत ते सांगतं. खरोखर फरक असेल तर तो सापडायची शक्यता ८० टक्के, आणि नसताना दिसायची ५ टक्के, असा त्यातला ठरलेला हिशेब आहे.

२ टक्क्यांचा दर २.५ होतो का, हे तपासायचं आहे. ०.०२२५ गुणिले ०.९७७५ गुणिले १६, भागिले ०.००५ चा वर्ग. उत्तर १४,०७६ क्लिक, तेही प्रत्येक जाहिरातीला. क्लिक ४ रुपयांना पडत असेल तर एका प्रश्नाचं उत्तर १ लाख १२ हजारांच्या वर जातं. एवढ्यात गल्लीतल्या प्रत्येक घरी पाव किलो कुंदा नेऊन देता येईल.

म्हणून लहान दुकानाने बटणाचा रंग, मथळ्यातला एक शब्द असले बदल तपासण्याच्या नादी लागू नये. दर दुप्पट होईल अशी आशा असलेलाच बदल तपासावा: घरपोच फुकट की आकार लावून, अर्ध्या किलोचा डबा की एक किलोचा, आगाऊ पैसे की हातात माल आल्यावर. १ टक्क्याचा २ होतो का हे बघायला २,३६४ क्लिक पुरतात.

मलप्रभाकाठ

यात एक जोड. ऑर्डरींवर चाचणी परवडत नसेल तर क्लिकच्या दरावर करता येते. १.५ टक्क्याचा २ होतो का, त्याला प्रत्येक जाहिरातीमागे ११,००४ माणसं लागतात, आणि हजार वेळा दाखवण्याचा खर्च ६० रुपये धरला आणि प्रत्येकाला ती एकदाच दिसली तर साधारण ६६० रुपये, तेही प्रत्येक जाहिरातीला. फोटो कुठला चालतो हे ठरवायला तेवढं बास.

दोन सावधगिऱ्या. एक म्हणजे इथे इम्प्रेशन (किती वेळा दिसली) मोजू नका, रीच (किती माणसांना दिसली) मोजा. एकाच माणसाला जाहिरात चार वेळा दिसली की इम्प्रेशन चार, माणूस एकच. ते चार स्वतंत्र नमुने नव्हेत. इम्प्रेशन भागिले रीच म्हणजे फ्रीक्वेन्सी, ती ३-४ च्या वर गेली तर सूत्रातला नमुना कागदावर फुगलेला असतो. दुसरं, जास्त क्लिकवाली जाहिरात जास्त ऑर्डर देईलच असं नाही. 'फक्त ९९ रुपयांत' म्हणून फोटो टाकला तर क्लिक येणारच, आणि पान उघडून दर बघितला की माणूस परत जाणारच.

तिसरं गेट

आणि मध्ये मध्ये डोकावू नका! रोज सकाळी ॲप उघडून 'आज कोण पुढे' बघायचं आणि ज्या दिवशी फरक मोठा दिसेल त्या दिवशी थांबवायचं, ही सगळ्यात मोठी खोड. ५ टक्के चुकीची शक्यता एकदाच बघितलं तर असते. त्याच चाचणीत पाच वेळा बघितलं आणि हवं ते दिसताच थांबवलं तर ती १४ टक्क्यांच्या आसपास जाते, दहा वेळा बघितलं तर १९. बघायचं असेल तर खुशाल बघा की, पण हात लावू नका. आधी ठरवलेले क्लिक झाले की मगच निकाल. आणि पूर्ण आठवडे घ्या, १० दिवस नकोत. नाहीतर एका रविवारचं माप दोन रविवारांच्या मापाशी लावल्यासारखं होतं.

तुकडे पाडून बघण्याचंही तेच. वय, लिंग, तालुका, फोनचा प्रकार असे २० तुकडे पाडले तर कशातच काही फरक नसताना किमान एका तुकड्यात 'फरक' सापडायची शक्यता ६४ टक्के. मग अहवालात येतं, '३५ ते ४४ वयाच्या खानापुरातल्या बायकांत जबरदस्त प्रतिसाद'. तो तुकडा वेगळा काढून पुन्हा एकदा तपासल्याशिवाय त्यावर रुपया टाकू नये.

चोर्लाघाट

हे सगळं ठीक, पण त्याच्या आधी 'क्लिक' म्हणजे काय हे बघा. मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या कंपनीच्या, तक्त्यात 'क्लिक (सर्व)' असा एक रकाना असतो. त्यात फोटो मोठा करून बघणं, 'अधिक वाचा' दाबणं, पानाच्या नावावर बोट लागणं, लाईक करणं, सगळं येतं. 'लिंक क्लिक' वेगळं, आणि 'लँडिंग पेज व्ह्यू' म्हणजे पान खरंच उघडलं ते आणखी वेगळं. लिंक क्लिक १,००० आणि पान उघडलं ६०० असेल तर दोष जाहिरातीचा नाही, वेबसाइट जड आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज एक काडी असताना ५ एमबीचा फोटो कोण उघडत बसणार? धागाकर्त्याचा हिशेब लँडिंग पेज व्ह्यूवर करा. 'क्लिक (सर्व)' वर केला तर सगळे दर उगाच पडलेले दिसतील.

व्हॉट्सॲपवर नेणाऱ्या जाहिरातींची गंमत आणखी वेगळी. 'मेसेजिंग संभाषणं सुरू' हा आकडा चौकशांचा नव्हे. तयार मजकुरावर चुकून बोट पडलं तरी संभाषण सुरू झालं असं धरतात. आणि तोच माणूस सात दिवस गप्प राहून पुन्हा आला की पुन्हा एक मोजतात. जुनं गिऱ्हाईक महिन्यात दोनदा आलं तर दोन वेळा मोजलं जाऊ शकतं. उपाय साधा आहे: प्रत्येक जाहिरातीच्या तयार मजकुरात वेगळी खूण घाला, 'नमस्कार, कुंदा हवा आहे (क१)', दुसरीला 'क२'. मग मोबाईलवर क१ शोधलं की ओळ लागते. पत्ता दिला त्याच चौकशा मोजायच्या.

निपाणीकर

मेटा म्हणतंय ३१ ऑर्डर, जीए-४ (वेबसाइटवरच्या भेटी मोजणारं गूगल ॲनालिटिक्स) म्हणतंय १८, वहीत आहेत २४. कुठला धरायचा?

चोर्लाघाट

वही. त्यात वादच नाही.

बाकी दोघं खोटं बोलत नाहीत, त्यांची मोजायची रीत वेगळी आहे. मेटाची नेहमीची खिडकी, म्हणजे ऑर्डरीचं श्रेय जाहिरातीला द्यायची मुदत, क्लिकनंतर सात दिवस आणि नुसतं बघितल्यानंतर एक दिवस. म्हणजे आज सकाळी जाहिरात सरकवून पुढे गेलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून ऑर्डर देतो, ती ऑर्डर मेटा आपल्या नावावर लावतं. जीए-४ ला नुसतं बघितलेलं दिसतच नाही. शिवाय मेटा ती ऑर्डर जाहिरात दिसली त्या तारखेला टाकतं, गूगल ॲड्स क्लिकच्या तारखेला, जीए-४ ऑर्डर झाली त्या तारखेला. त्यामुळे काल आणि आजची तुलना तर करूच नका, सरलेल्या आठवड्याचे आकडेसुद्धा सात दिवस थांबून घ्या, ते मागाहून वाढतात.

जाहिरातींची आपसांत तुलना करायला मेटाचा आकडा चालेल, पण एकच खिडकी ठेवून. 'फक्त क्लिक' अशी खिडकी लावून पुन्हा बघा. ३१ चे २० झाले तर ११ ऑर्डर नुसत्या बघण्याच्या होत्या हे कळेल.

जीए-४ वरही एक: १ जुलै २०२३ ला त्याच्या आधीचं युनिव्हर्सल ॲनालिटिक्स बंद पडलं. तेव्हाचा बाऊन्स रेट आणि आताचा एकाच तक्त्यात मांडू नका. आताचा बाऊन्स म्हणजे जी भेट १० सेकंदांवर टिकली नाही, ज्यात दुसरं पान उघडलं नाही आणि ठरवलेली महत्त्वाची कृतीही झाली नाही, अशा भेटींचं प्रमाण. व्याख्याच बदलली, मग तुलना कशाची? आणि सेटिंगमध्ये जाऊन डेटा राखून ठेवायची मुदत २ महिन्यांवरून १४ महिने करून घ्या, आजच. नाहीतर पुढच्या दिवाळीला सखोल तपासायला मागचं काही हाताशी नसेल.

तिसरं गेट

आता आपल्या भागाचं. बेळगाव मध्य धरून २५ किलोमीटरचा घेर टाकला की शिनोळी आत येते, म्हणजे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. मेटाच्या तक्त्यात राज्यवार फोड केली की त्या ऑर्डरी 'महाराष्ट्र' म्हणून वेगळ्या दिसतात आणि कुणीतरी 'महाराष्ट्रात चांगलं चाललंय, पुणे-मुंबई उघडा' असा सल्ला देतं. गिऱ्हाईक अर्ध्या तासावरचं, आणि जाहिरात चालली पुण्याला.

जीए-४ मधल्या शहराच्या नावावर तर अजिबात विसंबू नका. ते आयपी पत्त्यावरून ठरतं. मोबाईल डेटाचा आयपी बऱ्याचदा कंपनीच्या मोठ्या केंद्राच्या नावावर असतो, म्हणून टिळकवाडीत बसून उघडलेलं पान बेंगळुरूचं म्हणून नोंदलं जातं. हद्दीवरच्या गावांत फोन पलीकडचा टॉवर पकडतो, तो घोळ आणखी वेगळा. खात्रीचं एकच, ऑर्डरीतला पिनकोड. पहिले तीन आकडे वेगळ्या रकान्यात काढा: ५९० आणि ५९१ म्हणजे बेळगाव जिल्हा, ४१६ म्हणजे कोल्हापूर जिल्हा आणि त्या बाजूचा पट्टा, ४०३ म्हणजे गोवा. एवढ्यावर जो तक्ता होतो तो कुठल्याही डॅशबोर्डपेक्षा खरा.

गूगल ॲड्समध्ये ठिकाण निवडल्यावर खाली एक पर्याय लपलेला असतो. आपोआप जो लागलेला असतो त्यात 'त्या ठिकाणी असलेले' यांच्याबरोबर 'त्या ठिकाणात रस असलेले' सुद्धा येतात. दुकानात यायला लावणारी जाहिरात असेल तर तो बदलून फक्त तिथे असलेल्यांवर आणा. पार्सलने माल पाठवत असाल तर मात्र तसाच राहू द्या. बेळगाव सोडून ठाण्यात राहणारी मंडळीच कुंदा जास्त शोधतात.

भाषेचं: मेटात भाषा 'मराठी' निवडली की माणसं एकदम कमी होतात. तिथे भाषा म्हणजे घरात बोलतात ती नव्हे, ॲप ज्या भाषेत लावलंय ती. आपल्याकडे घरी मराठी, बाजारात कन्नड आणि फोन इंग्रजीत, हे सगळं एकाच खिशात. भाषा रिकामी सोडा आणि मजकूर मराठीत ठेवा, ज्याला वाचता येतं तो थांबतो. कन्नड मजकुराची जाहिरात वेगळी करा, तिची ऑर्डर-खूण वेगळी ठेवा.

कौलारू

स्पेलिंगचं राहिलं. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं, पण शोधणारे अजून जुनं इंग्रजी स्पेलिंगही टाकतात, नवंही टाकतात, मधलं काहीतरीही टाकतात. वर देवनागरी आणि कन्नड लिपी. सर्च टर्मच्या (लोकांनी काय शोधलं त्याच्या) अहवालात एकाच प्रश्नाचे सहा तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा इतका लहान दिसतो की 'याला मागणी नाही' म्हणून कुणीतरी तो बंद करतं. आधी सगळी रूपं एका गटात बेरीज करा, मग दर काढा. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (वेबसाइट शोधात कशी दिसते ते सांगणारं साधन) १६ महिन्यांपर्यंतचं मिळतं, पण फार कमी लोकांनी टाकलेले शब्द ते दाखवत नाही, त्यामुळे तक्त्यातल्या ओळींची बेरीज वरच्या एकूण आकड्याला लागत नाही. ती चूक तुमची नव्हे.

मलप्रभाकाठ

आता एक कोडं. व्हिडिओ १,००० क्लिक, ३६ ऑर्डर. फोटो १,००० क्लिक, ७५ ऑर्डर. कुठली चांगली?

निपाणीकर

बेरीज १११, वर्गमूळ १०.५, दुप्पट २१. फरक ३९. चाळणीतून आरामात गेलं. फोटो!

मलप्रभाकाठ

आता याची फोड बघा.

जुनी गिऱ्हाइकं: व्हिडिओ २०० क्लिक, २० ऑर्डर, १० टक्के. फोटो ८०० क्लिक, ७२ ऑर्डर, ९ टक्के.
नवी गिऱ्हाइकं: व्हिडिओ ८०० क्लिक, १६ ऑर्डर, २ टक्के. फोटो २०० क्लिक, ३ ऑर्डर, १.५ टक्के.

जुन्यांत व्हिडिओ पुढे, नव्यांतही व्हिडिओ पुढे, आणि बेरजेत फोटो दुपटीने पुढे. फोटो जुन्या गिऱ्हाइकांना जास्त दाखवला गेला, आणि जुनी गिऱ्हाइकं काहीही दाखवलं तरी घेतात. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. १९७३ च्या बर्कली विद्यापीठाच्या प्रवेशांचं उदाहरण यासाठी प्रसिद्ध आहे: एकूण आकड्यांत मुलींवर अन्याय दिसत होता, विभागवार बघितलं तर तो बहुतेक नाहीसा झाला, कारण मुलींनी जास्त अर्ज केले होते ते प्रवेश मिळणं अवघड असलेल्या विभागांना.

आणि व्हिडिओ जिंकला असंही म्हणू नका. १० आणि ९, २ आणि १.५ हे फरक या आकड्यांवर योगायोगात सहज बसतात. खरं उत्तर 'अजून माहीत नाही' हेच.

आकडेमोड

बरं झालं हे आलं. माझी चाळणी फक्त योगायोग वगळते. दोन्ही जाहिराती सारख्याच माणसांना, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटून गेल्या होत्या का, हे ती विचारत नाही. एकाच ॲड सेटमध्ये (एक बजेट आणि एक प्रेक्षकवर्ग असलेला जाहिरातींचा गट) दोन जाहिराती टाकल्या की मेटा पहिल्या काही तासांतच एकीकडे पैसा ओतायला लागतं, आणि जिला जे गिऱ्हाईक सापडेल तिला तेच देत जातं. ती चाचणी नव्हे. चाचणीसाठी मेटाचं ए/बी टेस्टचं वेगळं साधन आहे, ते माणसं दोन गटांत वाटतं आणि एका गटातला दुसऱ्यात जात नाही. तेच वापरावं. जुनी गिऱ्हाइकं यादी टाकून वगळावीत.

त्यात आणखी एक अडचण: एका ॲड सेटला आठवड्यात साधारण ५० निकाल मिळाले की त्याचं शिकणं संपतं असं मेटा मानतं. दिवसाला १५० रुपयांवर खरेदीसाठी चालवलं तर ५० कुठून येणार? तेव्हा शिकण्याच्या काळातले वरखाली होणारे आकडे धरून निर्णय नकोत. आणि दर दोन दिवसांनी बजेट हलवू नका, मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून.

गल्ला

सगळे टक्क्यांवरच बोलताय. पैशाचं बोलू.

एका आठवड्याच्या दहा ऑर्डरी धरा: ३८०, ४२०, ४५०, ४५०, ४८०, ५००, ५२०, ५६०, ६४० आणि एक लग्नाची १२,०००. बेरीज १६,४००, सरासरी १,६४०. जाहिरातीचा खर्च २,६००. म्हणजे रुपयाला ६.३ रुपये परत. डॅशबोर्ड खूश. लग्नाची ऑर्डर बाजूला काढा: ४,४०० भागिले २,६००, रुपयाला १.७. मध्यक (मीडियन, ऑर्डरी चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ४९० आहे, आणि दुकानाचं नेहमीचं गिऱ्हाईक ते आहे. लग्नाची ऑर्डर खोटी नाही, पण ती दर आठवड्याला येणार असं धरून बजेट वाढवलं की फसलं. शीटमध्ये सरासरीच्या शेजारी मीडियनचा रकाना लावाच. दोघांत मोठी तफावत दिसली की आधी यादी उघडून बघायची.

किती परत आलं की पुरतं? ५०० चा डबा, माल २५०, पॅकिंग आणि कुरिअर ९०. उरले १६०, म्हणजे ३२ टक्के. १ भागिले ०.३२ म्हणजे ३.१. रुपयाला ३ रुपये १० पैसे परत आल्याशिवाय जाहिरात घरातलेच पैसे खाते. शिवाय जाहिरातीच्या खर्चावर १८ टक्के जीएसटी, जो ॲड्स मॅनेजरच्या 'खर्च' रकान्यात दिसत नाही. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल किंवा नोंदणीच नसेल तर तो परत मिळत नाही, मग ३.१ चे ३.७ होतात. वर कॅश ऑन डिलिव्हरीतले परत आलेले डबे. डॅशबोर्डला ऑर्डर दिसते, परत आलेला डबा दिसत नाही. मिठाई परत आली तर ती विकताही येत नाही, माल आणि दोन्ही वेळचं कुरिअर गेलं. महिन्याचा हिशेब पोचलेल्या ऑर्डरींवर करा.

कौलारू

कॅलेंडरचं पण बघा. 'सप्टेंबर मागच्या सप्टेंबरपेक्षा ४० टक्के खाली' असा अहवाल आला की आधी पंचांग उघडा. गणेश चतुर्थी २०२३ ला १९ सप्टेंबरला होती, २०२४ ला ७ सप्टेंबरला, २०२५ ला २७ ऑगस्टला. २०२५ मध्ये सणाची सगळी खरेदी ऑगस्टातच होऊन गेली. तुलना तारखेशी नाही, सणाशी लावायची: चतुर्थीच्या आधीचे २१ दिवस विरुद्ध मागच्या चतुर्थीच्या आधीचे २१ दिवस. १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिवस) बेळगावात नेहमीचा दिवस नसतो हे इथे सांगायला नको, तो दिवस तुलनेतून काढून टाका. आणि लॉज-हॉटेलवाल्यांनी डिसेंबरात सुवर्णसौधमधल्या विधिमंडळ अधिवेशनाचे दिवस वेगळे ठेवावेत. त्या दिवसांत खोल्या जाहिरातीविना भरतात, आणि श्रेय त्या आठवड्यात चालू असलेल्या जाहिरातीला जातं.

चोर्लाघाट

श्रेयावरून आठवलं. स्वतःच्या दुकानाच्या नावावर गूगल जाहिरात लावली की परतावा नेहमीच छान दिसतो. नाव टाकून शोधणारा येणारच होता, त्याने फक्त वरची ओळ दाबली. ईबे या ऑनलाइन बाजाराने अशा जाहिराती बंद करून बघितल्या, तर जवळजवळ सगळी गर्दी खालच्या फुकटच्या ओळीवरून आली. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झालाय. आपल्याकडे करायचं तर निपाणीत दोन आठवडे जाहिरात बंद, चिक्कोडीत चालू. समजा निपाणी ६० ऑर्डरींवरून ४८ वर आली, चिक्कोडी ५० वरून ४५. चिक्कोडी १० टक्के आपोआप पडली, म्हणजे निपाणी ५४ असायला हवी होती. फरक ६. जाहिरातीची खरी कमाई दोन आठवड्यांत ६ ऑर्डर.

मलप्रभाकाठ

पद्धत बरोबर, निष्कर्ष नाही. चार आकडे आहेत आणि चारही आपापले हलतात. त्या सगळ्यांची हालचाल एकत्र केली तर उत्तर ६ अधिक-उणे २९ येतं. म्हणजे जाहिरातीने ३५ ऑर्डरी दिल्या असतील किंवा एकही दिली नसेल, हा प्रयोग काहीच सांगत नाही. गंमत म्हणजे ऑर्डरी दसपट केल्या तरी टक्क्यांतली अनिश्चितता दसपट कमी होत नाही, साधारण तिपटीनेच घटते. एकेक तालुका नको, चार चालू आणि चार बंद अशी वाटणी करा, दोन आठवड्यांनी अदलाबदल करा, असे तीन-चार फेरे घ्या. आणि सण टाळून.

चोर्लाघाट

मान्य. २९ मोठं आहे, एवढं असेल असं वाटलं नव्हतं.

निपाणीकर

मग वहीत रकाने कुठले ठेवायचे ते एकदाच सांगा बघू.

गल्ला

तारीख, पिनकोडचे पहिले तीन आकडे, जाहिरातीची खूण (क१, क२), जुनं की नवं, रक्कम, पोचली की परत आली, आणि 'कुठं बघितलं' हा फोनवर विचारलेला प्रश्न. शेवटच्या रकान्यात 'मावशीनं सांगितलं' आलं तरी तसंच लिहा, त्यातून जाहिरातीच्या श्रेयाला लगाम बसतो.

तिसरं गेट

लिंकमध्ये यूटीएम (गिऱ्हाईक कुठल्या जाहिरातीवरून आलं ते सांगणारी खूण) लावताना सगळं लहान अक्षरांत लिहा. फेसबुकचं पहिलं अक्षर एकदा मोठं आणि एकदा लहान झालं की जीए-४ त्याच्या दोन वेगळ्या ओळी करतं, आणि कुणीतरी त्या दोन ओळींची तुलना करत बसतं. जागा सोडू नका, जोडरेघ वापरा, आणि ठरलेली नावं वहीच्या पहिल्या पानावर डकवून ठेवा.